व्हीआरसाठी गेमिंग पीसी बांधायचाय, १ लाख ६० हजारांचं कोटेशन हातात आहे, घेऊ का थांबू? (नाशिक)

गोदाकाठचा_गेमर

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या.

विषय असा की ताईची मैत्रीण पुढच्या महिन्यात दुबईहून येतेय आणि येताना क्वेस्ट ३ (मेटाचा व्हीआर हेडसेट, डोळ्याला लावला की आभासी जगात नेणारा) आणतेय, ते पक्कं झालंय. ताई आर्किटेक्ट आहे, तिला क्लायंटला घर बांधायच्या आधीच आतून फिरवून दाखवायचंय, आणि मला हाफ-लाइफ अ‍ॅलिक्स खेळायचंय, थोडं असेटो कोर्सा (गाड्यांच्या शर्यतीचा गेम) पण. पैसे निम्मे ताईचे आणि निम्मे पप्पांचे, पप्पांना सध्या फक्त "ताईच्या कामाचा कॉम्प्युटर" एवढंच माहितीय.

शनिवारी एका दुकानात जाऊन कोटेशन घेतलं. रायझन ७ ९७००एक्स प्रोसेसर, बी८५० बोर्ड, ३२ जीबी डीडीआर५, आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी ग्राफिक कार्ड, १ टीबी एसएसडी, ७५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), लिक्विड कूलर, काचेचं कॅबिनेट सात फॅनवालं आणि २७ इंची १८० हर्ट्झचा मॉनिटर. सगळं धरून १ लाख ६० हजार, जीएसटी सकट. दुकानदार म्हणाला व्हीआर काय, व्हीआरचा बाप पण पळेल.

सध्या घरी लॉकडाउनमध्ये घेतलेला पीसी आहे, रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, ८-८ च्या दोन डीडीआर४ स्टिक ३२०० वाल्या, जीटीएक्स १६५० ४ जीबी कार्ड, ४५० वॉटचा लोकल एसएमपीएस, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, २२ इंची मॉनिटर. तो मामेभावाला १८ हजाराला द्यायचं ठरतंय.

खोली इंदिरानगरला, १० बाय ११ ची, त्यात दिवाण आणि टेबल आहे. वायफायचा राउटर हॉलमध्ये. कोटेशन घेऊ का? काही बदलू का? सोमवारी ॲडव्हान्स द्यायचाय म्हणून जरा घाई आहे.

मिसळ_आणि_मदरबोर्ड

भावा सोमवारी ॲडव्हान्स देऊ नको, एवढं आधी वाच आणि मग बाकीचं.

त्या कोटेशनमध्ये व्हीआरला लागणारी एकच वस्तू आहे, ग्राफिक कार्ड, आणि नेमकं तिथेच त्याने हात आखडता घेतलाय. बाकी सगळं लग्नातल्या रोषणाईसारखं. सात फॅन, काच, लिक्विड कूलर. ९७००एक्स ६५ वॉटचा प्रोसेसर आहे, त्याला साधा एअर कूलर ढिगाने झाला. आणि हेडसेट डोळ्याला लावल्यावर तुझ्यासमोरचा २७ इंची मॉनिटर बघणार कोण, तुझी आई?

आता गणित बघ. साध्या १०८० मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार पिक्सेल. क्वेस्ट ३ मध्ये एका डोळ्याला २०६४ गुणिले २२०८, म्हणजे साडेपंचेचाळीस लाख, आणि डोळे दोन, म्हणजे ९१ लाखांच्या वर. फोर-के टीव्हीचे सुद्धा ८३ लाखच भरतात. बरं एवढ्यावर भागत नाही, भिंगामुळे चित्र कडेला ताणलं जातं त्याची भरपाई करायला कार्डाला पॅनेलपेक्षा मोठं चित्र काढावं लागतं आणि मग ते उलटं वाकवून पाठवायचं, म्हणजे खरं काम ९१ लाखांहून बरंच जास्त. हे सगळं ९० हर्ट्झला सेकंदात ९० वेळा, म्हणजे एका फ्रेमला (एका चित्राला) मिळतात ११.१ मिलीसेकंद. ७२ हर्ट्झवर ठेवलंस तर १३.९.

मॉनिटरवर फ्रेम चुकली तर गेम जरा अडकल्यासारखा वाटतो, तू शिवी देतोस आणि पुढे खेळतोस. हेडसेटमध्ये फ्रेम चुकली की मान वळते पण जग वळत नाही, आणि ते सगळ्यात आधी पोटाला कळतं. सॉफ्टवेअर मग फ्रेम निम्म्यावर आणून ४५ करतं आणि मधली फ्रेम अंदाजाने भरतं, चालतं तसं, पण हाताच्या कडेला पाण्यासारख्या लाटा दिसतात, एकदा दिसल्या की मग दिसतच राहतात.

आणि ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी)? ताईच्या मॉडेलात चार झाडं जास्त टाकली की संपली.

देवळालीचा_फौजी

वरच्या भाऊंशी कार्डाच्या बाबतीत सहमत पण नवीन प्लॅटफॉर्म (बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच) घेणं चुकीचं नाहीये. एएम५ ला (एएमडीच्या नव्या प्रोसेसरांचं सॉकेट) २०२७ आणि पुढेही सपोर्ट देणार असं एएमडीनेच सांगितलंय, म्हणजे आज साधा ७६०० टाकायचा आणि दोन-तीन वर्षांनी त्याच बोर्डवर एक्स३डी (जास्त कॅशवाला प्रोसेसर) बसवायचा. एएम४ चं, म्हणजे तुझ्या जुन्या सॉकेटचं, आता मागचं दार बंद होत आलंय. मी स्वतः ७८००एक्स३डी वर फ्लाइट सिम्युलेटर खेळतो, त्याची ९६ एमबीची कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) विमानांच्या खेळात जी मदत करते ती बघायला ये कधी कॅम्पात, चहा माझ्याकडून.

फक्त रॅमचं बघून घे बाबा. लासलगावचा कांदा परवडला. मी ३२ जीबीचा कीट घेतला तेव्हा ९ हजार मोजले होते आणि २०२५ च्या दिवाळीनंतर तोच कीट तिपटीच्या वर गेला. सगळी मेमरी एआयच्या सर्व्हरकडे चाललीय, मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशियल हा घरगुती ब्रँडच बंद करतोय म्हणून जाहीर करून टाकलं.

सातपूरचा_सोल्डरवाला

फौजी दादा तुम्हीच तुमच्या मुद्द्याला उत्तर दिलंत की. रॅम तिप्पट झाल्यावर नवीन प्लॅटफॉर्म कशाला घ्यायचा? पोराकडे डीडीआर४ ऑलरेडी आहे.

गोदाकाठचा, तू तुझा पीसी विकू नको. ऐक. मी रिपेअरिंगचंच काम करतो, वीस वर्षं झाली, मला तुला काही विकायचं नाहीये. तुझा बी४५० आणि ३६०० अजून दमात आहेत. अ‍ॅलिक्स मार्च २०२० ला आला तेव्हा त्याची किमान मागणी होती रायझन ५ १६००, १२ जीबी रॅम आणि ६ जीबीचं कार्ड. तुझा प्रोसेसर त्याच्या दोन पायऱ्या वरचा. नडतंय काय, तर तुझं १६५०, ते क्वेस्ट लिंकच्या (हेडसेट पीसीला जोडायचं मेटाचं सॉफ्टवेअर) सपोर्टेड यादीत पण नाही. म्हणजे बदलायचं काय, कार्ड आणि एसएमपीएस. बास. जुनी ८-८ ची अजून एक जोडी मिळाली तर ३२ जीबी होईल, ताईच्या कामाला ते लागेलच.

कार्ड कोणतं तर आरटीएक्स ५०७०. कारण तुझा बोर्ड पीसीआयई ३ चा आहे (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बोर्डमधला रस्ता, आकडा मोठा तितका वेग जास्त). ५०६० टीआय चं कार्ड दिसायला लांब पट्टीचं असलं तरी आतून आठच लेन वापरतं. नवीन बोर्डवर पीसीआयई ५ असतं म्हणून आठ लेन पुरतात, तुझ्या बोर्डवर त्याच आठ लेन एक चतुर्थांश वेगाने चालतील, आणि ८ जीबीवाल्याची मेमरी भरून सामान रॅममधून ये-जा करायला लागलं की मग बघ मजा, द्वारका सर्कलला संध्याकाळी सात वाजता असतं तसं. ५०७० सोळा लेनचं आहे. २५० वॉट खातं, एनव्हिडिया ६५० वॉटचा सप्लाय सांगते, तू ब्रँडेड ६५० किंवा ७५० घे, आणि तो ४५० वॉटचा लोकल डबा भंगारात टाक, मामेभावाला पण देऊ नको. तो डबा ४५० फक्त स्टिकरवर असतो.

पुढेमागे प्रोसेसर बदलावासा वाटला तर ५६०० किंवा कुठे शिल्लक मिळाला तर ५७००एक्स३डी, त्याच बोर्डवर बसतो. पण आधी बायोस (बोर्डच्या चिपवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावा लागेल, आणि तो जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच करायचा. नवीन बसवल्यावर स्क्रीनच येणार नाही, मग बोर्ड डेड आहे म्हणून माझ्याकडे घेऊन येतात लोक.

आता माझीच फजिती सांगतो. दोन वर्षांमागे मे महिन्यात घरच्या मशीनचा बायोस टाकत होतो, पेन ड्राइव्ह लावला, ६० टक्के झालं आणि लाइट गेली. दुसऱ्यांना शंभर वेळा सांगतो युपीएस लावा म्हणून आणि स्वतः थेट भिंतीच्या सॉकेटवर. बोर्ड एकदम मुका. मग सीएच३४१ए प्रोग्रॅमर काढला, तो काळा छोटा यूएसबीचा येतो ना तो, त्याची आठ पायांची क्लिप बायोसच्या चिपला लावायची, एका पायाचा जरी संपर्क नीट नसला तरी चिप वाचताच येत नाही, आणि ती चिप असते नेमकी ग्राफिक कार्डाच्या खाचेखाली. पंधरा-वीस वेळा क्लिप निसटली. शेवटी बायकोच्या केसांची चिमटी लावून वरून दाब दिला तेव्हा वाचली. पाठांतर झालंय मला त्या चिपच्या पायांचं. तर युपीएस.

आणि एएम४ चा कूलर काढताना सरळ वर ओढू नको. जुनी पेस्ट सिमेंट झालेली असते, कूलरबरोबर प्रोसेसर पण सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी पीसी दहा मिनिटं चालव, गरम होऊ दे, बंद करून प्लग काढ, मग कूलर डावीकडे उजवीकडे हळूहळू फिरव, बरणीचं झाकण उघडतो तसा, आणि सुटला की मग उचल.

मिसळ_आणि_मदरबोर्ड

सोल्डरवाले काकांना +१. मी नवीन बिल्डच्याच डोक्याने विचार करत होतो, जुना पीसी असा आहे हे वाचलंच नव्हतं नीट.

गोदाकाठचा_गेमर

बाप रे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे १ लाख ६० हजारांऐवजी ७५-८० हजारांत होतंय? ताईला दाखवलं, तिने विचारलंय की ५०७० मध्ये १२ जीबी आणि ५०६० टीआय मध्ये १६ जीबी वालं पण मिळतं, तर तिच्या कामाला १६ बरं ना? कार्डाचं नाव लहान आणि मेमरी मोठी हे आम्हाला दोघांना कळत नाहीये.

आणि एक मित्र म्हणतोय त्याच्याकडे एचपीचा रिव्हर्ब जी२ हेडसेट पडून आहे, स्वस्तात देतो, क्वेस्टची गरजच नाही. घेऊ का?

विटा_आणि_व्हर्टेक्स

मी ताईच्याच धंद्यातली आहे, तीन वर्षं क्लायंटला हेडसेटमध्ये फिरवतेय, म्हणून हे माझं खातं.

१२ आणि १६ चं उत्तर कामावर आहे. घरं, दुकानं, एखादा बंगला असेल तर १२ जीबीत बसतं, फक्त ते डाउनलोड केलेले सोफे जसेच्या तसे टाकायचे नाहीत, एकेका सोफ्याच्या शिवणीत लाखभर पॉलिगॉन (मॉडेलचे बारीक तुकडे) असतात. मोठ्या टाउनशिपचं लँडस्केप आणि हजारो झाडं असं काम असेल तर १६ चा विचार करा. पण मेमरी म्हणजे गोदाम आणि चिप म्हणजे कामगार. ५०७० मध्ये ६१४४ कोअर, ५०६० टीआय मध्ये ४६०८, आणि मेमरीचा वेग ६७२ विरुद्ध ४४८ जीबी सेकंदाला. गोदाम मोठं आणि माणसं कमी असली तर ११ मिलीसेकंदांत माल बाहेर येत नाही. मी असते तर ५०७० घेतलं असतं आणि मॉडेल हलकं ठेवायला शिकले असते, तशीही ती सवय लागतेच. एएमडीचं ९०७० पण १६ जीबीचं चांगलं कार्ड आहे, गेमिंगच असतं तर हरकत नव्हती, पण आमच्या रेंडरिंगच्या सॉफ्टवेअरांची पहिली मर्जी एनव्हिडियावर असते. इंटेलचं आर्क कार्ड मात्र क्वेस्ट लिंकसाठी नको.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगते. माझे एक क्लायंट, साठीचे, बंगल्याचा जिना बघायचा म्हणून हेडसेट लावला, उभे केले, आणि मीच शहाणपणा करून माऊसने त्यांना जिना चढवायला लागले. तिसऱ्या पायरीला काकांनी हवेत कठडा धरला. तो कठडा माझ्या मॉडेलमध्ये होता, ऑफिसात नव्हता. त्यांच्या सौ.नी धरलं म्हणून वाचले, पण मग अर्धा तास लिंबू सरबत आणि पंख्याखाली बसणं, ड्रॉइंगचं नावच काढू दिलं नाही. तेव्हापासून नियम: पहिल्यांदा क्लायंट फिरत्या खुर्चीत बसलेला, एका जागेवरून दुसऱ्या जागी टेलिपोर्टनेच (एकदम उडी मारून) जायचं, कॅमेरा त्याचा त्यानेच हलवायचा, आणि पहिली वेळ पाच मिनिटांच्या वर नाही. टेबल फॅन समोरून लावला की बरं वाटतं. मी टेबलावर आलेपाकाच्या वड्यांची डबी पण ठेवते, थोडं औषध, थोडं पाहुणचार.

क्वेस्ट ३ घेताय ते बरं केलंत, ३एस नको होता तुमच्या कामाला. ३एस मध्ये जुन्या क्वेस्ट २ सारखीच स्क्रीन आणि फ्रेनेल भिंगं आहेत, मधोमध स्वच्छ आणि कडेला धूसर. ३ ची पॅनकेक भिंगं कडेपर्यंत साफ दिसतात, दरवाज्यावरची नेमप्लेट मान न वळवता वाचता येते. खालचं चाक फिरवून दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रत्येक माणसागणिक जुळवून घ्या, नाहीतर तो म्हणेल डोकं दुखतं आणि दोष तुमच्या डिझाइनला.

मिसळ_आणि_मदरबोर्ड

रिव्हर्ब जी२ चं: पॅनेल झकास होतं, एका डोळ्याला २१६० गुणिले २१६०. पण तो विंडोज मिक्स्ड रिॲलिटीवर (विंडोजमधलं व्हीआरचं सॉफ्टवेअर) चालायचा आणि मायक्रोसॉफ्टने ते विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटमधून काढूनच टाकलं. म्हणून तर मित्राकडे पडून आहे. जुगाडाने चालवणारे लोक आहेत, पण ताईचा क्लायंट समोर बसलाय आणि तू ड्रायव्हर शोधतोयस असं नको.

कांदा_लसूण_आरजीबी

एक सेकंडहँड ३०८० बघितलंय मी, निम्म्या किमतीत, हा पण पर्याय आहे ना? १० जीबी आहे.

सातपूरचा_सोल्डरवाला

आहे, पण ३२० वॉट खातं आणि कुठल्या क्रिप्टोच्या खाणीत घामाघूम झालंय देव जाणे. दुसरं म्हणजे क्वेस्टला डिस्प्ले पोर्ट (कार्डाचं चित्र थेट घेणारी खाच) नाही. कार्ड चित्र काढतं, मग त्याचा व्हिडिओ बनवतं, केबलने किंवा वायफायने पाठवतं आणि हेडसेट तो उलगडतो. हा व्हिडिओ एव्ही१ (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) मध्ये केला तर तेवढ्याच डेटात चित्र जास्त स्वच्छ येतं, अंधाऱ्या बोगद्यात ते चौकोन चौकोन दिसतात ना ते कमी होतात. क्वेस्ट ३ ला एव्ही१ वाचता येतं, पण ते बनवायची सोय ४० सिरीजपासून पुढे आहे. ३०८० ला नाही.

गंगापूररोड_वायफाय

खोली आणि वायफाय राहिलंच की.

राउटर हॉलमध्ये आणि तू आतल्या खोलीत, मध्ये विटांची भिंत, हे जमणार नाही. इंटरनेटचा स्पीड किती याच्याशी काही संबंध नाही, माझा प्लॅन ५० एमबीपीएसचा आहे आणि मी मस्त बिनवायरीचा खेळतो. पीसीपासून राउटरला लॅन केबल आणि राउटरपासून हेडसेटला ५ गिगाहर्ट्झ वायफाय, दोघं एकाच खोलीत, एवढंच लागतं. वायफाय ६ चा स्वतंत्र राउटर घे, त्याचा लॅन पोर्ट गिगाबिट आहे याची खात्री कर, स्वस्तातल्यांना १०० चाच असतो आणि मग सगळं तिथेच तुंबतं. त्यावर फक्त हेडसेट जोड, आईचा मोबाईल आणि टीव्ही हॉलच्या राउटरवरच राहू दे. आधी स्टीम लिंक (पीसीचा गेम वायफायने हेडसेटवर पाठवणारं ॲप) वापरून बघ, फुकट आहे. त्याच कामाच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपला पैसे लागतात पण वसूल होतात. ताईच्या खुर्चीतल्या क्लायंटला मात्र यूएसबी ३ ची लांब केबलच बरी.

आता पंखा. खोलीत सीलिंग फॅन आहे ना? उभं राहून दोन्ही हात वर कर आणि बघ किती अंतर उरतं. मी बघितलं नव्हतं. बीट सेबर खेळताना जोशात हात वर गेला आणि खाड् असा आवाज, कंट्रोलरचं प्लास्टिक तडकलं, पात्याला पोचा पडला आणि तेव्हापासून पंखा चालू केला की "टक टक टक" बोलतो. आई रोज रात्री झोपताना म्हणते, "ऐक, तुझा गेम चाललाय."

दिवाण भिंतीला उभा करता आला तर कर. हिंडत खेळायचं तर मोकळी जागा निदान २ मीटर बाय २ मीटर लागते, म्हणजे साडेसहा फूट. १० बाय ११ मध्ये दिवाण सरकवला की बसेल.

आणि हेडसेट खिडकीत ठेवू नको. भिंगातून ऊन आत गेलं की स्क्रीनवर कायमचा डाग, लहानपणी भिंगाने कागद जाळायचो तसंच. इंदिरानगरात पश्चिमेची खिडकी असेल तर मार्चपासूनच सांभाळ.

देवळालीचा_फौजी

ठीक आहे, मी हरलो, रॅमच्या भावाने हरवलं. तरी एक व्यावहारिक सूचना. प्रोसेसर आत्ता घेऊच नको. कार्ड बसव, स्टीमव्हीआरमध्ये (पीसीवर व्हीआर चालवणारं सॉफ्टवेअर) फ्रेम टायमिंगचा आलेख असतो तो उघड, त्यात सीपीयू (प्रोसेसर) आणि जीपीयू (कार्ड) वेगवेगळे दिसतात. जो ११.१ ची रेघ ओलांडतो तो गुन्हेगार. मग पैसे त्याच्यावर खर्च कर. फोरमवर आम्ही शंभर जण भांडण्यापेक्षा तो आलेख खरं बोलतो.

युपीएस ६०० व्हीए वाला घेऊ नको, त्यात जेमतेम ३६० वॉट असतात. ११०० व्हीए चा बघ, ६६० वॉटपर्यंत जातो. गेम खेळत राहायला नाही, दोन मिनिटांत नीट बंद करायला.

ग्रँटरोडची_वारी

कार्ड नाशकात पण विचार, एमजी रोडला, शरणपूर रोडला. हजार-दीड हजाराचाच फरक असेल तर इथेच घे, काही झालं तर स्कूटरवरून जाता येतं. फरक जास्त असेल तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकड, दादरला उतर, तिथून स्लो लोकलने ग्रँट रोड, चालत लॅमिंग्टन रोड, कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार. रविवारी जाऊ नको, बहुतेक शटर बंद असतात. चार दुकानांत विचार, पहिल्या दुकानातला भाव हा भाव नसतो, ती फक्त सुरुवात असते. जीएसटीचं बिल घे आणि बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घे, वॉरंटीला तोच लागतो. बॉक्सचं सील तिथेच बघ. आणि निघायच्या आधी तुझ्या कॅबिनेटमध्ये कार्डाला किती मिलीमीटर जागा आहे ते टेपने मोजून जा, माझा एक मित्र ३३० चं कार्ड घेऊन आला आणि हार्ड डिस्कचा पिंजरा करवतीने कापत बसला.

गोदाकाठचा_गेमर

पाच आठवड्यांनी येतोय, सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते.

ॲडव्हान्स दिला नाही. ५०७० दोन पंख्यांचं घेतलं (२८५ मिमी जागा होती, मोजली), ते लॅमिंग्टन रोडवरून, साठ हजारांच्या जरा आत मिळालं. ७५० वॉटचा एसएमपीएस, वायफाय ६ राउटर आणि युपीएस इथेच एमजी रोडला घेतले. रॅमची जुनी जोडी कॉलेजच्या ग्रुपवर मिळाली. हेडसेट सोडून सगळं धरून ८० हजारांच्या थोडं वर गेलं. कार्डाला वीज देणारी १६ पिनांची केबल नीट आत गेलीय का ते टॉर्च लावून तीनदा बघितलं, पहिल्यांदा एक मिलीमीटर बाहेर होती.

आलेख उघडला. अ‍ॅलिक्समध्ये ९० हर्ट्झला जीपीयू ७ ते ८ मिलीसेकंद, सीपीयू ६ च्या आसपास, एकदम लोण्यासारखं. असेटो कोर्सामध्ये एकटा पळवला तर छान, पण वीस गाड्या टाकल्या की सीपीयू १३ वर जातो आणि त्या लाटा दिसतात, मिसळवाले भाऊ म्हणाले होते त्या. सध्या दहा गाड्यांवर भागवतोय. ५६०० दिवाळीत. पहिल्या दिवशी चक्कर आली, अर्धा तास खेळलो होतो, ताई म्हणाली पाच मिनिटं लिहिलेलं तुला वाचता येत नाही का.

पप्पांना शेवटी सांगावंच लागलं. ताईने गावच्या घराचं मॉडेल केलंय, मोहाडीचं, पावसाळ्यानंतर बांधायचंय ते. पप्पांना फिरत्या खुर्चीत बसवलं, आलेपाक दिला, हेडसेट लावला. दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, नुसती मान फिरवत होते. मग वाकून हात खाली नेला, जमीन चाचपल्यासारखा, आणि म्हणाले, "ही ओट्याची पायरी उंच झालीय गं, आजीला चढता यायची नाही."

ताईने मोजली तर साडेआठ इंच होती. प्लॅनवर तिला दिसलंच नव्हतं. आता सहा केलीय.

सातपूरचा_सोल्डरवाला

झकास. १६५० पडून असेल तर विकतोस का, एका शाळेतल्या पोराचा पीसी करून द्यायचाय.

गोदाकाठचा_गेमर

काका विकत नाही, असंच घेऊन जा. शनिवारी दुकान उघडं असतं का?

सातपूरचा_सोल्डरवाला

सकाळी दहानंतर ये. आणि तो ४५० वॉटचा डबा पण आण, माझ्यासमोर फोडू.